जुन्या कॉम्प्युटरला कोणता सी कंपायलर मानवेल?

माझा भाचा चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. त्याच्या शाळेला एका कंपनीने वापरातून काढलेले सात कॉम्प्युटर दिले आणि मे महिन्यात, भर दुपारी त्याचा फोन आला. "मामा, पोरांना सी शिकवायचंय. टर्बो सी टाकून देऊ ना?" टर्बो सी म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचा बोरलँड कंपनीचा सी कंपायलर. मी म्हटलं, आधी कॉम्प्युटर कोणते आहेत ते तर सांग. तर म्हणे, "पांढरे होते, आता पिवळे पडलेत."

हसू नका, बहुतेक जण असंच सांगतात. डबा कसा दिसतो ते सांगतात, आत काय आहे ते नाही. आणि कंपायलरचं सगळं घोडं अडतं ते आत काय आहे त्याच्यावरच. दोन दिवसांनी त्याने यादी पाठवली. चार पेंटियम-४, प्रत्येकी २५६ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. दोन पेंटियम-३, ६४ एमबी, विंडोज ९८. सातव्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, तो कामातून गेलेला. शाळेत इंटरनेट म्हणजे भाच्याचा मोबाइल. बजेट शून्य. त्यात मी माझी एक भर घातली: माळ्यावर धूळ खात पडलेला, ६४० केबी मेमरीचा, सव्वापाच इंची दोन फ्लॉपी ड्राइव्हचा एक्सटी, म्हणजे ऐंशीच्या दशकातला डॉसवाला पीसी. अजून चालू होतो, म्हणून मुलांना दाखवायला द्यायचा होता.

म्हणजे एका खोलीत तीन पिढ्या, आणि पणजोबांना जे पचतं ते नातवाला पचेलच असं नाही. उलटही तेच.

निवडण्याआधी कंपायलर करतो काय ते थोडक्यात. आपण सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितो ते प्रोसेसरला कळत नाही, म्हणून ते त्याच्या आज्ञांमध्ये उतरवावं लागतं. पण 'कंपायलर' म्हणून आपण जे इन्स्टॉल करतो त्यात एकटा माणूस नसतो, टोळी असते. प्रीप्रोसेसर हॅश-इन्क्लूड दिसलं की त्यापुढे नाव दिलेली 'हेडर' फाइल आणून तिथे ओततो. कंपायलर आपला कोड तपासून प्रोसेसरच्या भाषेत आणतो. आणि लिंकर, ज्याची आठवण कुणी काढत नाही, तो बाकीचे तुकडे शोधून जोडतो. स्क्रीनवर छापणारं 'प्रिंटएफ' हे फंक्शन तुम्ही कुठे लिहिलेलं असतं? ते लायब्ररीत आधीच तयार असतं, लिंकर ते उचलून तुमच्या प्रोग्रामला चिकटवतो.

ही टोळी पोरांना कधी दिसते, तर 'प्रिंटएफ'च्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल झाली की. टर्बो सीमध्ये फाइलचं नाव डॉट-सी असेल, तर कंपायलर फार तर एक वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. असेल कुठेतरी या नावाचं फंक्शन, आपल्याला काय. मग लिंकर लायब्ररी धुंडाळतो, त्या नावाचं कुणी सापडत नाही, आणि तो 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणून ओरडतो. ओळ क्रमांक नाही, काही नाही. पोरगं तासभर अर्धविराम शोधत बसतं. तीच फाइल टर्बो सी++ मध्ये डॉट-सीपीपी नावाने ठेवली, तर चूक त्याच ओळीवर पकडली जाते: 'फंक्शन शुड हॅव अ प्रोटोटाइप'. हा संदेश आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना पाढ्यासारखा पाठ आहे.

या टोळीचा प्रत्येक माणूस ठरावीक प्रोसेसरसाठी आणि ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी घडवलेला असतो. डॉससाठी बनवलेला कंपायलर डॉसचेच प्रोग्राम देणार. म्हणून पहिला प्रश्न 'कोणता चांगला' हा नाही. तयार झालेला प्रोग्राम कुठल्या यंत्रावर चालवायचा आहे, हा आहे.

केळीचे चार ट्रक

सोळा बिट आणि बत्तीस बिट हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याने शिकवला.

नव्वदीतली गोष्ट. त्यांच्यासाठी मी टर्बो सीमध्ये ट्रकांचं वजन मांडायचा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. प्रत्येक ट्रकचं वजन किलोत टाकायचं, दिवसाची बेरीज खाली. समजायला सोपं म्हणून प्रत्येक ट्रक १०,००० किलोचा धरू. पहिला ट्रक, १०,०००. दुसरा, २०,०००. तिसरा, ३०,०००. चौथा टाकला आणि स्क्रीनवर आलं उणे २५,५३६. शेठ शांतपणे म्हणाले, "म्हणजे आता मीच शेतकऱ्याला केळी परत द्यायची का रे भाऊ?"

झालं असं होतं. बेरजेसाठी मी 'इंट' हा पूर्णांक ठेवायचा प्रकार वापरला होता. टर्बो सीत इंट सोळा बिटांचा, म्हणजे त्यात ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. निम्म्या उणे बाजूला जातात, आणि अधिक बाजूची शेवटची संख्या उरते ३२,७६७. त्यात एक मिळवला की काटा फिरून थेट उणे ३२,७६८ वर जातो. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा, उणे २५,५३६ येईल. उपाय सोपा, इंटच्या जागी 'लाँग' लिहायचं. तो बत्तीस बिटांचा. मी रातोरात बदल करून दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने सावद्याला गेलो, चार ट्रक टाकले. उणे २५,५३६!

दुसऱ्यांदा चूक होती ती छापण्यात. 'प्रिंटएफ'मध्ये मी टक्का-डी तसाच ठेवला होता. टक्का-डी म्हणजे 'इंट छाप', म्हणून त्याने चार बाइटांतले खालचे दोनच उचलले आणि कालचंच उत्तर समोर ठेवलं. तिथे टक्का-एल-डी हवं होतं. बेरीज बरोबर, मेमरीतला आकडा बरोबर, फक्त छापताना खोटं. अशा चुका शोधताना माणूस म्हातारा होतो.

भाच्याच्या पेंटियम-४ वर बत्तीस बिटांचा कंपायलर टाकला, तर तिथे साधा इंटच २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. तोच प्रोग्राम, तेच ट्रक, काही बिघडत नाही. मुलांना मी हाच प्रयोग दोन यंत्रांवर शेजारी-शेजारी करून दाखवायला सांगितला. एक्सटीवर चौथा ट्रक टाकल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला म्हणे, "सर, हाई उणं कसं व्हयनं?" तो तास भाच्याला वेगळा शिकवावा लागला नाही.

मेमरीचंही तसंच. एक्सटीमधला ८०८८ प्रोसेसर एकूण १ एमबीपर्यंत पत्ते देऊ शकतो, पण त्याची रजिस्टरं, म्हणजे आतल्या आकडे ठेवायच्या जागा, सोळा बिटांची, म्हणून एका दमात ६४ केबीच्या पलीकडे मोजता येत नाही. म्हणून पत्ता दोन भागांत सांगायचा, सेगमेंट आणि ऑफसेट. गल्ली आणि घर नंबर म्हणा. सेगमेंटला सोळाने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता. त्याच गल्लीत राहायचं असेल तर नुसता घर नंबर पुरतो, तो 'निअर' पॉइंटर, दोन बाइटांचा. गल्ली बदलायची असेल तर दोन्ही सांगावं लागतं, तो 'फार' पॉइंटर, चार बाइटांचा. टर्बो सीच्या मेनूत टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज अशी जी रांग दिसते ती म्हणजे कोडला किती गल्ल्या आणि डेटाला किती, एवढंच. स्मॉलमध्ये प्रत्येकी एक. शाळेतल्या प्रोग्रामला ते भरपूर झालं. पण कुणी २०० बाय २०० चा इंटचा तक्ता मागितला, तर ८०,००० बाइट होतात आणि कंपायलर सांगतो, ॲरे फार मोठा आहे. बत्तीस बिटांत ही भानगडच उरत नाही.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त

आज सगळं फुकट डाउनलोड होतं, त्यामुळे 'स्वस्त कंपायलर' हा शब्दच कळेनासा झालाय. १९८० च्या मे महिन्यात डॉ. डॉब्ज जर्नल या अमेरिकी मासिकात रॉन केन यांनी स्मॉल-सीचा अख्खा सोर्स कोड छापला. बघून टाइप करा आणि वापरा. भाषा अपुरी होती, स्ट्रक्चर नाही, दशांशाच्या संख्या नाहीत, पण तो स्वतःच स्वतःला कंपाइल करू शकत होता. पुढे मोठ्या कंपन्यांचे कंपायलर शेकडो डॉलरना जात असताना बोरलँडने १९८७ मध्ये टर्बो सी शंभर डॉलरच्या आत आणला. मिक्स सॉफ्टवेअरचा पॉवर सी तर वीस डॉलरच्या आत मिळायचा. आपल्याकडे यातली किंमत कुणी विचारलीच नाही. जळगावातल्या क्लासमध्ये रिकाम्या फ्लॉप्या घेऊन जायच्या, भरून आणायच्या. मीही त्यातलाच.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बोरलँडने पुढे जुन्या वस्तूंच्या संग्रहातून टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ फुकट दिले. आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये जो निळ्या पडद्याचा ३.० दिसतो, तो त्यात नव्हता. शाळेत रीतसर टाकायचा असेल तर २.०१ टाका. तसंही एक्सटीवर ३.० चा उपयोग नाही, त्याला किमान २८६ प्रोसेसर लागतो.

टर्बो सीवरचं भांडण

टर्बो सीला शिव्या घालायची सध्या फॅशन आहे आणि निम्म्या शिव्या रास्त आहेत. पुढच्या काळातले कंपायलर ज्याला चूक म्हणतात ते तो बिनतक्रार चालवून घेतो. मेनच्या आधी व्हॉइड लिहायची सवय तिथली. 'कॉनिओ' या हेडर फाइलमधलं स्क्रीन पुसायचं फंक्शन सी भाषेचा भाग आहे असा समज तिथला. ते बोरलँडचं घरचं आहे, भाषेचं नाही. चोपड्याचं पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला गेलं, लिनक्सवर पहिला प्रोग्राम टाकला आणि पहिल्याच ओळीला एरर आला, की त्याला वाटतं आपल्याला सी येतच नाही.

पण जिथे इंटरनेट म्हणजे सरांचा मोबाइल, तिथे टर्बो सीची एक गोष्ट मला अजून कुठे दिसलेली नाही. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबलं की त्याची माहिती समोर, तीही बिनानेट. एफ७ ने एकेक ओळ चालवत व्हेरिएबल कसा बदलतो ते बघता येतं. फॉर लूप शिकवायला याच्यापेक्षा चांगला फळा नाही.

शिवाय ग्राफिक्स. रेषा, वर्तुळ, रंग भरणं एका ओळीत होतं, आणि झेंडा काढायच्या निमित्ताने पोरं लूप शिकतात. मात्र तिथे एक सापळा आहे. ग्राफिक्स सुरू करताना त्यासाठीच्या फाइली असलेल्या बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो. पोरगं सरळ लिहितं: सी कोलन, उलटी तिरकी रेघ, टीसी, पुन्हा तशीच रेघ, बीजीआय. दिसायला बिनचूक. पण सीमध्ये उलटी रेघ आणि तिच्यानंतरचा टी मिळून होतो टॅब, आणि उलटी रेघ आणि बी मिळून होतो बॅकस्पेस. म्हणजे पत्त्याच्या मधोमध एक टॅब घुसला, एक बॅकस्पेस घुसला आणि फोल्डर काही सापडत नाही. वर 'ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड' हा टोमणा. प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहायची, बस. हे न सांगता 'सर म्हणतात दोन टाकायच्या, म्हणून टाकायच्या' असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं.

आणि कंट्रोल-एफ९ दाबून प्रोग्राम चालवायच्या आधी एफ२ दाबून सेव्ह करायची सवय लावाच. डॉसमध्ये लूप अडकला तर अख्खं यंत्र अडकतं. सेव्ह केलं नसेल तर प्रोग्राम गेला. लोडशेडिंगच्या दिवसांत क्लासमध्ये हे कुणाला सांगावं लागायचं नाही, दर दोन ओळींना एफ२ वाजायचं.

तर वाटणी अशी केली.

एक्सटीला टर्बो सी २.०१. संपादकासकट मुख्य फाइल तीनशे केबीच्या आत, एका ३६० केबी फ्लॉपीत बसते. हेडर आणि लायब्ररी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. कुरकुरत चालतो, पण चालतो.

पेंटियम-३ ला दोन गोष्टी. विंडोज ९८ च्या पोटात डॉस आहेच, त्यामुळे टर्बो सीचं ग्राफिक्स तिथे पूर्ण पडद्यावर व्यवस्थित येतं. झेंड्याचे प्रोग्राम तिथेच. बत्तीस बिटांसाठी बोरलँड सी++ ५.५, जो २००० मध्ये कंपनीने फुकट दिला. यात संपादक नाही, नोटपॅडमध्ये लिहून काळ्या खिडकीत कंपाइल करायचं. इन्स्टॉल केल्या केल्या तो चालत नाही. बिन फोल्डरमध्ये दोन छोट्या कॉन्फिग फाइली हाताने बनवून हेडर आणि लायब्ररी कुठे आहेत ते लिहावं लागतं. एक कंपायलरसाठी, एक लिंकरसाठी. लोक पहिली बनवतात, दुसरी विसरतात आणि कंपायलरला नावं ठेवतात.

एक्सपीवाल्या चार यंत्रांसाठी माझी पसंती टायनी सी कंपायलर. फाब्रिस बेलार यांचा. एफएफएमपेग आणि क्यूएमू या नावाजलेल्या सॉफ्टवेअरची सुरुवातही त्यांचीच. विंडोजसाठीचा अख्खा संच झिप केला तर एका १.४४ एमबी फ्लॉपीत आरामात मावतो. इन्स्टॉल करायचं नाही, फोल्डर उघडून ठेवला की झालं. तो इतका झपाट्याने कंपाइल करतो की 'रन' हा पर्याय दिला तर ईएक्सई, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, न बनवता थेट प्रोग्राम चालवूनच दाखवतो. नवं सी बरंच कळतं, त्यामुळे व्हेरिएबल ब्लॉकच्या मधेच जाहीर केला तरी चालतो. टर्बो सीमध्ये तो वरच लागतो. उणिवाही आहेत. डीबगर सोबत येत नाही, ग्राफिक्सची हेडर फाइल नाही, आणि तयार झालेला कोड जीसीसी या मोठ्या मोफत कंपायलरच्या कोडइतका चपळ नसतो. शाळेतल्या बेरजांना चपळाई कशाला लागते?

एक गंमत मात्र सांगतो, कारण भाचा तिच्यात दोन दिवस अडकला. टायनी सीच्या प्रोग्रामचं नाव टीसीसी. टर्बो सीच्या काळ्या खिडकीतल्या कंपायलरचं नावही टीसीसी. त्याने एकाच यंत्रावर दोन्ही टाकले, आणि प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, म्हणजे पाथमध्ये, टर्बोचं फोल्डर आधी. मग काय, टायनीला म्हणून दिलेली प्रत्येक हाक टर्बो उचलत होता आणि चौथ्या ट्रकला उणे येत होतं. "मामा, तुमचा बत्तीस बिटवाला पण सोळाच निघाला की!" एकाचं नाव बदलून दिल्यावर प्रश्न मिटला.

जीसीसी हवाच असेल तर ३८६ आणि पुढच्या डॉस यंत्रांसाठी डीजे डेलोरी यांचा डीजेजीपीपी आहे. क्वेक हा गेम त्यातच बांधला होता. पण पसारा मोठा आहे, नवशिक्यांच्या खोलीत नको. आणि घरी नवा लॅपटॉप असलेल्या पोराला सांगून ठेवा, की ६४ बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे डॉस प्रोग्राम चालतच नाहीत. तिथे टर्बो सी हवा असेल तर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्येच.

राहिला ओपन वॉटकॉम. मूळचा कॅनडाचा, डूम या गेमवाल्यांनी वापरलेला. सोर्स खुला झाल्यावर २००३ पासून ओपन वॉटकॉम या नावाने मिळू लागला. तो पेंटियम-४ वर बसून एक्सटीसाठीचा प्रोग्राम बनवून देतो. पर्यायांत उणे-शून्य लिहिलं की तो ८०८६ आणि एक्सटीतल्या ८०८८ ला कळतील अशाच आज्ञा वापरतो. फुफाटा उडवणाऱ्या एक्सटीवर कुरकुर ऐकत बसण्यापेक्षा हे सुखाचं. अडचण एकच, तयार ईएक्सई एक्सटीपर्यंत न्यायची कशी? पेंटियमना साडेतीन इंची फ्लॉपी, एक्सटीला सव्वापाच.

त्यावर तोडगा असा काढला, की एक्सटीच्या दोन ड्राइव्हपैकी एक काढून पेंटियम-३ ला जोडायचा. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, '३६० केबी, सव्वापाच इंच' हा पर्याय अजून आहे. केबल मात्र जुन्या रुंद खाचेची लागते. ती माझ्या ट्रंकेत निघाली. फ्लॉप्या दहा होत्या, चारच वाचल्या गेल्या. त्यातल्या दोन टर्बो सीच्या, एक कोरी आणि एकीवर केळीवाल्या शेठचा प्रोग्राम, टक्का-डीसकट. चारही वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये पुठ्ठा घालून चोपड्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या आणि त्याला बजावलं, खिडकीजवळ उन्हात ठेवू नका.